दोनच जागा बदलायच्या

त्या वर्षी आमच्या अकरा घरांचं तूप तीन तोंडांनी बोलत होतं आणि बाजाराला एकही तोंड खरं वाटत नव्हतं.

तोरण्याच्या पाठीला आमची वस्ती. म्हशी हेच आमचं शेत. लोणी कढवायचं, तूप पत्र्याच्या डब्यात भरायचं आणि खाली न्यायचं. विकायला तिघं जात. माझा मुलगा सावळा भोरच्या बाजारी, शेजारचा सोनबा वेल्ह्याला, आणि माझा धाकटा दीर रायबा मोटारीनं पुण्याला. तिघांनी आपापल्या अकलेनं डब्याचं तोंड रंगवलं. रायबाच्या कागदावर छत्री घेतलेली मडम होती, कारण छापखान्यात कुठल्याशा बिस्किटाचा ठसा पडून होता आणि तो फुकट मिळाला. सोनबाच्या कागदावर डोंगर उचललेला मारुती. सावळ्यानं कागदच लावला नाही. कोळशानं दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, तूप तोंडानं खात्यात, डोळ्यानं न्हाई.

पुण्याच्या एका दुकानदाराकडं रायबाचा डबा होता. भोरहून कुणी पाहुणा सावळ्याचा डबा घेऊन त्याच्याकडं गेला. दुकानदारानं दोन हातांत दोन डबे धरून रायबाला विचारलं, "ह्यातलं डोंगराचं खरं कुठलं?"

रायबा म्हणाला, "दोन्ही."

"दोन तोंडं आहेत म्हणजे एक तरी खोटं," म्हणून त्यानं सगळा माल परत केला.

हे कानावर आलं तशी मी चुलीपुढून उठले.

"काय रं, मडम येती व्हय आपल्या म्हशी पिळाया?"

"वैनी, शहरातली माणसं चित्र बघत्यात."

"बघूंद्यात की. पर बघून त्यांना कळलं काय? मडम गोरी हाय, एवढंच ना? तूप कुणाचं, कुठलं, कवाचं, ह्यातलं काय कळलं?"

रायबा हसला. तो असा हसला की माझा राग निम्मा उतरायचा, आणि त्याला ते ठाऊक होतं. मी ह्या घरात नवरी म्हणून आले तेव्हा तो चार वर्षांचा होता, आई गेलेला, नाक गळणारा. माझ्या पाठीवर वाढला. सावळा माझ्या पोटचा, पण धारोष्ण दुधाची वाटी आधी रायबाची भरायची, असा माझ्या घरचा नेम. पुढं आमचे मालक गेले, तेव्हा एकालाच शाळेत घालण्याची ऐपत होती. मी रायबाला भोरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकवलं आणि सावळ्याला म्हशींमागं धाडलं. मला जी काय अक्षरं येतात ती रायबानंच उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटीवर गिरवून घेतली. जोडाक्षर आलं की अजून मी ठेचकाळते, पण माझ्या नावातलं, आक्काबाईतलं, जोडाक्षर मी कधी चुकत नाही.

दिवाळी झाल्यावर रायबाला बरोबर घेतलं आणि भोरला कुंडलिकरावांच्या छापखान्यात गेले. बाजारामागच्या बोळात एक खोली, एक यंत्र, आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या पेट्या. एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा. तो उलटा जुळवायचा म्हणजे कागदावर सुलटा उमटतो. कुंडलिकराव आपणच मालक आणि आपणच खिळे जुळवणारे.

"बोला आक्का. काय छापायचं? देवी आहे, गाय आहे, हत्ती आहे."

"जनावरं लई हायेत आमच्याकडं. मला जागा पायजेत, चित्रं नकोत."

त्यांना कळलं नाही. मग मी बाजारात घेतलेली उडदाची डाळ पिशवीतून काढली आणि त्यांच्या मेजावर मांडत गेले.

"ही कड. चारी बाजूंनी, सगळ्या डब्यांना एकच. हितं वर डोंगराची रेघ, आणि तिच्याखाली माल कुठला आणि कसला ते. डाव्या हाताला चौकोन, त्यात घराची खूण. उजव्या हाताला दोन ठिपके, कारण आमी डबा दोन शेराचाच भरणार. आकडा न येणाऱ्यालाबी वजन कळलं पायजे. खाली महिना, तूप कवा कढवलं त्यो. आणि तळाला माझं नाव."

"तुमचं नाव कशाला?"

"तूप खवट निघालं तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते लोकांना कळाया नको?"

कुंडलिकराव हसले, मग डाळीवर वाकले. "आक्का, हे मांडायला कुणी शिकवलं?"

"गोठ्यानं. म्हस कुठं, रेडकू कुठं, दावं कुठं, अंधारात हात घातला तरी सापडलं पायजे. आज हितं आणि उद्या तिथं बांधून कसं चालंल?"

रायबा शेजारी उभा राहून हे सगळं कागदावर उतरवत होता. माझ्या डोक्यातलं त्याच्या हातून उतरतंय, ह्याचा मला केवढा अभिमान वाटला होता. मी त्याला म्हटलं, "ध्यानात धर. दोनच जागा बदलायच्या. घराची खूण आणि महिना. बाकी काय बी हलवायचं न्हाई. आज लावला त्यो कागद आणि दहा वर्सांनी लावला त्यो कागद शेजारी ठेवला तर भाऊभाऊ दिसलं पायजेत."

"व्हय वैनी. दोनच जागा," तो म्हणाला.

घराच्या खुणा म्हणजे आमच्या म्हशींच्या कानावरच्या. अकरा घरांच्या अकरा. कुणाची कानाच्या टोकाला एक खाच, कुणाची दोन, कुणाची मधोमध चीर. आमच्या घरची उजव्या कानाला तिरपा काप आणि खाली एक खाच. म्हैस रानात चार दिवस चुकली तरी जो बघेल तो कान बघून घरी आणून सोडतो. ह्याच खुणा भोरच्या सुताराकडून लाकडात कोरून घेतल्या, अकरा ठसे केले. कागदाचा बाकीचा साचा, त्याला ते फर्मा म्हणत, कुंडलिकरावांनी खिळे जुळवून लोखंडी चौकटीत आवळला आणि सुतळीनं बांधून फळीवर ठेवला. एकदा जुळवलेले खिळे पुन्हा सोडायचे नाहीत, असं मी बजावलं होतं.

त्यावर ते कुरकुरले. "माझा निम्मा मोठा टाईप तुमच्या तुपात अडकला, आक्का. आता लग्नपत्रिका कशा छापू?"

"चार लग्नं कमी होऊंद्यात. पोरी सुखात राहतील."

मग त्यांनी विचारलं, "छापायला सांगायला कोण येईल? कुणाच्या सांगण्यावरून छापायचं?"

आणि इथं माझी अक्कल शेण खायला गेली. मी म्हटलं, "माझ्या घरचं कुणी बी आलं तर छापा."

असं मी का म्हटलं, ते डोंगराबाहेरच्या माणसाला पटायचं नाही. आमच्यात कान कापायचा चाकू दाराच्या चौकटीला उघडा टांगलेला असतो. कुणीही यावं, मागून न्यावा. चाकूला कुलूप घालणारं घर मी पाहिलं नाही, कारण दुसऱ्याच्या खुणेनं आपल्या जनावराचा कान कापणारा माणूस पाहिला नाही. तसं कुणी केलंच तर त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, त्याच्या तिरडीला खांदा देत नाही. मला वाटलं, तो फर्मा म्हणजे चाकूच की. छापलेले कागद मात्र मी माझ्या पेटीत ठेवायची, किल्ली कमरेला. अकरा घरांचं तूप माझ्या ओसरीवर यायचं, मी तळहाताच्या मागच्या बाजूला चोळून वास घ्यायची, जिभेवर ठेवायची, आणि मनास आलं तरच भाताच्या खळीनं माझ्या हातानं कागद लावायची. दोघा-तिघांचं तूप परत धाडलं. सोनबाचंही एकदा धाडलं. तेव्हा तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी चांगलं तूप घेऊन आला.

कागदाच्या तळाला ओळ होती, 'आक्काबाईची पारख'. पुण्याच्या दुकानात गिऱ्हाईक तूप मागत नाही, 'आक्काबाई' मागतं, असं रायबा सांगायचा. मी वरवर म्हणायची, "गप ए." पण ते ऐकायला मी त्याला पुन्हा वाढायची.

वर्षभर असं चाललं. पुढच्या माघात मी सावळ्याबरोबर भोरच्या बाजारी बसले होते. भाटघरच्या धरणाखालच्या गावची ठकुबाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं एक डबा माझ्यापुढं आदळला.

"आक्काबाई, तुझ्या पारखीला आग लागली का गं?"

"हळू बोल. काय झालं?"

"हळू? घरात बाळंतीण हाय माझी. पयलटकरीण. पुन्याहून जावई डबा घिऊन आला, आक्काबाईचं तूप हाय म्हणून मोठ्या तोऱ्यात. लेकीला डिंकाचं लाडू केलं ह्यात. पोर दोन दिस उलट्या करतीया. चाख की. तुझंच नाव हाय ना ह्यावर?"

कागद आमचा होता. कड आमची, डोंगराची रेघ आमची, दोन ठिपके आमचे. तळाला माझं नाव. महिना पौष. मी बोट घातलं. रवा नव्हता. मेणासारखं गुळगुळीत, टाळूला चिकटणारं, आणि वास कशाचाच नाही. कारखान्यातलं वनस्पती तूप पुण्यात मिळायला लागलंय असं ऐकलं होतं. ते आज माझ्या नावाखाली चाखलं.

मग मी डाव्या हाताचा चौकोन पाहिला. दोन्ही कानांच्या टोकाला खाचा. धोंडा आत्तीची खूण.

धोंडा आत्ती म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. पोटी कुणी नाही. दोन म्हशी होत्या, त्या श्रावणात घटसर्पानं गेल्या. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढते आणि ताकावर दिवस ढकलते. श्रावणात म्हशी गेलेल्या बाईचं पौषातलं तूप कुठून आलं?

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझ्या मनात तिचाच संशय आला. भूक माणसाला काय करायला लावत नाही? तिनं आपली खूण कुणाला विकली असेल. दुसरा संशय कुंडलिकरावांवर आला. माझ्या घरावर आला नाही.

ठकुबाईला म्हटलं, "ह्यो डबा मी परत घेतला. सावळ्या, आपल्या घरचे दोन डबे दे हिला. पोरीला बरं वाटलं की मला निरोप धाड."

"डबे नकोत मला. तुझं नाव आधी धुऊन काढ," म्हणाली, आणि डबे घेऊन गेली.

डबा पदराखाली धरून मी छापखान्यात गेले. कुंडलिकराव यंत्राला तेल घालत होते. मी डब्यावरचा कागद त्यांच्या पुढं धरला.

"हे कुणी छापलं?"

"मी छापलं. तुमच्याच फर्म्यावर."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

ते गोंधळले. "आक्का, तुमच्याच. म्हणजे रायबानं सांगितलं. दिवाळीपासून चारदा आला. दर वेळी धोंडाबाईंचा ठसा लावा म्हणाला. मला वाटलं म्हातारीकडं म्हशी वाढल्या. तुम्हीच म्हणाला होतात ना, घरचं कुणीही आलं तरी छापा?"

मी म्हणाले होते.

"आणि..." ते थांबले.

"बोला की. आता काय राखून ठेवताय?"

त्यांनी फळीवरून दुसरा एक फर्मा उतरवला. उलट्या खिळ्यांतूनही मला तो ओळखू आला. तीच कड. डोंगराची रेघ तिथंच. डावा चौकोन, उजवे ठिपके, खाली महिना. फक्त नावं निराळी होती. "हा त्याच्या पुण्याच्या व्यापाऱ्यासाठी. मध, हिरडा, नाचणीचं पीठ, काय वाटेल ते त्यात घालता येतं. रायबा म्हणाला वैनीला दाखवलंय. वैनी म्हणाली, दोनच जागा बदलायच्या, बाकी हलवायचं नाही."

कुंडलिकरावांनी पाणी दिलं. ते मी प्याले नाही.

रायबा मोटारतळावर होता, पुण्याला निघालेला. मोटारीच्या टपावर सामान चढत होतं. मला बघून खाली उतरला.

"वैनी, तू हितं? सावळा कुठाय?"

मी डबा त्याच्या पुढं धरला. "चाख."

त्यानं डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोट घातलं नाही.

"तू ल्हान असताना माती खायचास, तवा मी बोट घालून तुझ्या तोंडातनं काढायची. आता तुझ्या तोंडात घालू का?"

"वैनी, माणसं बघत्यात."

"शहरातली माणसं चित्र बघत्यात म्हणला हुतास ना? बघूंद्यात ह्ये चित्र."

त्यानं मला बाजूला नेलं, पिंपळाच्या पाराकडं. आवाज खाली घेतला. "ऐकून तर घे. म्हशी आटल्या म्हणून दुकानदार थांबतो का? त्यानं चार हप्ते दुसऱ्याचा डबा लावला की आपली फळी गेली. मग पुन्हा उंबरे झिजवायचे. म्या कागद जिता ठेवला, वैनी. तुझाच कागद. तूप चार महिने दुसऱ्याचं असंल, नाव तर तुझं ऱ्हायलं."

"माझं नाव! आरं, माझ्या नावानं बाळंतीण वकतीया!"

"एखादीला सोसत न्हाई. सगळं पुणं खातंय ते."

"पुण्यानं खुशाल खावं. पर त्याच्या डब्यावर म्हस कशाला, डोंगर कशाला? लिहायचं की, कारखान्यातलं हाय. कोण खाईना, बघितलं असतं."

मोटारीवाला ओरडला, "चला, पुणेवाले!" रायबानं त्याला हातानं थांबवलं आणि मग जे बोलला, ते मला धीर द्यायला म्हणून बोलला. तेच माझ्या काळजात अजून सलतंय.

"आपल्या घराची खूण म्या लावली न्हाई, वैनी. तेवढं इमान राखलं. उद्या काय झालंच तर बोट म्हातारीकडं जाईल. तिचं काय जातंय? म्हशी न्हाईत, पोर न्हाई, बाजारात तिला कोण वळखतं? आपल्या घराला धक्का न्हाई."

आधी माझ्या मनात त्याला चार शिव्या देऊन घरी न्यायचं होतं. कान धरून आणायचं, पायावर नाक घासायला लावायचं, मग वाढायचं. माझं पोर चुकलं, असंच मी छापखान्यापासून इथंवर म्हणत आले होते. पण ह्यानं हात मारताना आधी बघितलं होतं की सगळ्यात अशक्त कोण. लांडगं तसं बघतं. आणि हे सगळं माझ्यासाठी केलं म्हणून वर मला देत होता, घे म्हणत होता.

"तुला मी शाळेत घातलं," मी म्हटलं.

"व्हय. म्हणूनच तर म्हणतो, तू काळजी नको करू. तू गप ऱ्हा. बाकी मी बघतो."

आणि तो मोटारीत चढला. मागच्या काचेतून त्यानं हात केला. नेहमीसारखा.

वस्तीवर बातमी माझ्या आधी पोचली होती. ठकुबाईचं भांडण सोनबाच्या मेव्हण्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघजाईच्या ठाण्यापुढं अकरा घरं बसली. सगळ्यांपुढं तो डबा. कागद, खूण, महिना, सगळं उघड. सोनबा उभा राहिला.

"कुणाचा ठसा हाय ते सगळ्यांना दिसतंय. म्हातारीनं आपली खूण इकली. पोट हाय, मला बी समजतंय. पर आपलं सगळ्यांचं तूप बुडवलं तिनं. आता तिचं शेण-ताक बंद करायचं का न्हाई, येवढं बोला."

धोंडा आत्ती जमिनीकडं बघत बसली होती. म्हणाली, "म्या काय इकणार रं सोनबा? भोर बघून मला सात वर्सं झाली."

"मग तुझी खूण भोरला चालत गेली व्हय?"

कुणी हसलं. धोंडा आत्तीनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटत होतं मी बोलेन, कारण तूप नीट असलं-नसलं तरी मीच बोलायची ना नेहमी. खरं सांगते, त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. रायबानं सगळी तजवीज केली होती. काही करायचंच नव्हतं, नुसतं तोंड मिटून बसायचं. ह्या घराचं नाव, मालकांचं नाव, मी राबून उभं केलेलं सगळं जागच्या जागी राहिलं असतं. एक म्हातारी गेली असती. मी आयुष्यात इतकी बोलले, पण गप्प बसणं इतकं सोपं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सावळा माझ्या शेजारी बसला होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तरी तो हळूच म्हणाला, "आये, रायबाकाका आला न्हाई."

मी उठले.

"सोनबा, खाली बस. म्हातारीला काय बोलायचं ते मला बोल. ह्यो कागद माझ्या घरानं छापून घेतला. रायबानं. वनस्पती भरलं, धोंडा आत्तीचा ठसा लावला, माझं नाव तसंच ठेवलं. चारदा केलं. छापखान्यात, घरचं कुणी बी आलं तर छापा, असं सांगणारी मी."

मग सोनबाच बोलला, आणि त्यात चेष्टा नव्हती. "आक्काबाई, माझं तूप करपट म्हणून तुमी ओसरीवरनं परत केलं हुतं."

"केलं हुतं. तवा खरंच करपट हुतं."

"मग आता तुमच्या घराचं काय?"

कायदा सगळ्यांना ठाऊक होता. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला हौस नव्हती. "माझ्या घराची खूण कागदावरनं काढायची. आमचं तूप ह्या कागदाखाली जाणार न्हाई. रायबाला ह्या वस्तीत पाणी न्हाई. आणि कागदाची मांडणी बदलायची, कारण ती पुन्यात इकली गेली. नवी मी मांडून देते. छापायला दोन घरची दोन माणसं संगं गेल्याबिगर कुंडलिकरावांनी यंत्राला हात लावायचा न्हाई."

"आणि पारख?" कुणीतरी विचारलं.

मला वाटलं होतं, निदान तेवढं ठेवतील. जीभ तर माझी बाटली नव्हती. मी मान वर करून उभी होते. सावळा बोलला, माझा सावळा, जो चार माणसांत कधी तोंड उघडत नाही.

"पारख धोंडा आज्जीनं करावी. तिचं सोताचं तूप न्हाई, म्हंजी तिला कुणाचं उणं-अधिक न्हाई."

दहा माना हलल्या. बरोबरच होतं त्याचं. इतकं बरोबर होतं की मला ते आधी सुचायला हवं होतं. त्याला म्हशींमागं धाडलं तेव्हा माझ्या अकलेवर कुणी बोलणारा नव्हता. मी म्हटलं, "बरोबर हाय." खाली बसले. धोंडा आत्तीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला नाही, पण धरलाही नाही.

नवा कागद मी पंधरा दिवसांत मांडून दिला. ह्या वेळी कड दुहेरी घेतली आणि खूण मधोमध आणली, ठिपके तिच्या खाली. कुंडलिकराव म्हणाले, आधीच्यापेक्षा उठावदार झाला. तळाला 'धोंडाबाईची पारख'. ते खिळे जुळवताना मी तिथं थांबले नाही, बाहेर ओट्यावर बसले. आमच्या घरचं तूप आता सावळा मडक्यातून सुटं विकतो. ज्यांना मी ठाऊक आहे ते घेतात. ज्यांना नाव ऐकून ठाऊक होतं ते घेत नाहीत.

ठकुबाईच्या लेकीला बरं वाटल्याचा निरोप आला. माझ्या नावाचं तिनं काही कळवलं नाही.

रायबा पुण्यातच राहिला. व्यापाऱ्याच्या पेढीवर सगळ्या मालाचे कागद तोच बघतो म्हणे. वैशाखात सावळा मीठ आणायला भोरला गेला होता. तिथं रायबानं त्याला गाठलं. सावळ्यानं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, पण एक गुंडाळी घेतली, कारण रायबा रडत होता म्हणाला.

गुंडाळीत कागद होता. डब्याचा. तीन रंगांत छापलेला, गुळगुळीत, कोपऱ्यांवर वेलबुट्टी. मांडणी माझीच, पहिली. सोबत चिठ्ठी, मोठ्या सुट्ट्या अक्षरांत, मला वाचता यावी म्हणून जोडाक्षर टाळून लिहिलेली: 'वैनी, हजार कागद परवा छापायचे. उदया मी भोरलाच आहे. तुझा डोळा कुणाला नाही. एकदा बघ. काही चुकलं असेल तर सावळाला सांग. मी सुधारीन.'

मी तो कागद दारात उजेडाला धरला. बघायचं नव्हतं, तरी डोळा गेलाच. ठिपके खाली घसरले होते. वेलबुट्टीला जागा करायला कुणीतरी वजन तळाशी ढकललं होतं, आणि फळीवर डबे ओळीनं लावले की पुढच्या पट्टीनं ते झाकले जाणार होते. गिऱ्हाइकाला वजन दिसणारच नव्हतं. दोन बोटं वर घेतले असते की झालं असतं.

सावळा उंबऱ्यात उभा होता. "उद्या बाजारी जाणार हाय मी. काय सांगू त्याला?"

"सांग, बघितला."

"चुकलं काय त्यात?"

मी कागद पुन्हा गुंडाळला, सुतळी होती तशी बांधली आणि त्याच्या हातात दिला.

"बघितला म्हणून सांग," मी म्हटलं, आणि म्हशींना पाणी दाखवायला गेले.